गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प: बिघाड आणि दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूब अ‍ॅम्पच्या तक्रारी शंभर प्रकारच्या असल्या तरी त्यामागची कारणं मोजकीच असतात: ट्यूब (सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या), कपॅसिटर आणि जिथे धातूला धातू टेकतो त्या जागा, म्हणजे सॉकेट, जॅक आणि सोल्डरचे टाके. ट्रान्सफॉर्मर जळणं ही शेवटची शक्यता, पण अ‍ॅम्प गप्प झाला की लोकांच्या डोक्यात तीच पहिली येते. खालचे प्रश्न साधारण त्याच क्रमाने घेतले आहेत: स्वस्त आणि नेहमीचं आधी, महाग आणि क्वचितचं नंतर.

ट्यूब अ‍ॅम्प मुळातच बेभरवशाचा असतो का?

नाही. त्याच्यातले लवकर झिजणारे भाग झिजणार हे धरूनच तो बनवलेला असतो, म्हणून तर ट्यूब सॉकेटमध्ये बसवतात. मार्शलने १९६२ मध्ये पहिला जेटीएम४५ बनवला तो फेंडरच्या बेसमन ५एफ६-ए या सर्किटवर बेतून. त्या काळातले दोन्ही प्रकारचे अ‍ॅम्प आजही वाजताहेत, कारण आत मोजकेच सुटे भाग आहेत, प्रत्येक भाग मीटरने तपासता येतो आणि त्याच्या तोडीचा नवा भाग मिळतो. एखाद्या डिजिटल अ‍ॅम्पमधली खास चिप गेली आणि उत्पादन बंद असेल, तर अख्खा बोर्ड निकामी होतो. ट्यूब अ‍ॅम्पवर अशी वेळ सहसा येत नाही.

मात्र तो लक्ष मागतो, हे खरं. उष्णता आणि हादरे हे त्याचे दोन खरे शत्रू. कॉम्बो अ‍ॅम्पमध्ये ट्यूब स्पीकरच्याच खोक्यात टांगलेल्या असतात, तेही बऱ्याचदा उलट्या. म्हणजे दोन्ही शत्रू घरातच. त्यामुळे त्याच सर्किटचा वेगळा हेड (स्पीकरविना नुसता अ‍ॅम्प) कॉम्बोपेक्षा कमी कुरकुर करतो.

मी स्वतः अ‍ॅम्प उघडावा का?

मागची जाळी काढून ट्यूब बदलणं, जॅक साफ करणं, बाहेरचा फ्यूज बदलणं इथपर्यंत जरूर, अर्थात प्लग काढून आणि काच थंड होऊ देऊन. चॅसिस (सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा) बाहेर काढून आत हात घालायचा असेल तर आधी पुढचा भाग नीट वाचा.

आतमध्ये साधारण ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो. प्लग काढला म्हणजे तो गेला असं होत नाही. डीसी पुरवठा सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवतात. १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ४५० व्होल्टला सुमारे १० ज्यूल ऊर्जा साठवतो. छातीतून गेली तर एवढी ऊर्जा जिवावर बेतू शकते. काही अ‍ॅम्पमध्ये ती आपोआप उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर असतो, काहींत नसतो, आणि असला तरी तो तुटलेला नाही याची खात्री कोणी दिलेली नसते.

म्हणून क्रम असा: प्लग काढा. १० किलोओहम, ५ ते १० वॉटचा रेझिस्टर घ्या, त्याला नीट इन्सुलेट केलेल्या वायरी आणि क्लिप लावा, एक टोक चॅसिसला आणि दुसरं कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला. १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे दर सेकंदाला व्होल्टेज जवळजवळ एकतृतीयांशावर येतं, तेव्हा पाच-दहा सेकंदांत काम होतं. मग मीटर लावून प्रत्येक कपॅसिटर मोजा. सगळे कपॅसिटर एकमेकांना जोडलेले असतीलच असं नाही, मधला एखादा रेझिस्टर जळला असेल तर एक कपॅसिटर पूर्ण भरलेला राहतो. आणि रेझिस्टर काढल्यावर थोडं व्होल्टेज पुन्हा वर येतं, हा कपॅसिटरचा स्वभावच आहे. काम संपेपर्यंत क्लिप लावून ठेवली तर हा प्रश्नच राहत नाही. फक्त अ‍ॅम्प चालू करण्याआधी ती काढायची आठवण ठेवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे लोक असतात. त्यात कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यांनाही धोका.

अ‍ॅम्प चालू ठेवून मोजमाप करायचं असेल तर एक हात खिशात, काळ्या प्रोबची क्लिप आधीच चॅसिसला लावलेली, आणि मीटर व त्याच्या वायरी १००० व्होल्ट सोसणाऱ्या. हे वाचतानाच पोटात गोळा आला असेल तर चॅसिस बंदच ठेवा. बाहेरून करण्यासारखं पुष्कळ आहे.

अ‍ॅम्पमधून आवाजच येत नाही. सुरुवात कुठून करू?

अ‍ॅम्पच्या बाहेरून. दुसरी केबल, दुसरी गिटार, मधले सगळे पेडल काढून थेट इनपुटला. मग स्पीकरची केबल आणि तिचे दोन्ही जॅक. दुरुस्तीला आलेल्या अ‍ॅम्पांपैकी किती तरी अ‍ॅम्प निव्वळ खराब केबलमुळे आलेले असतात, हे कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

मग डोळे. पायलट दिवा लागतो का? सगळ्या ट्यूबमधले हीटर केशरी दिसतात का? एकच अंधारी असेल तर ती ट्यूब किंवा तिचं सॉकेट. एकही पेटत नसेल आणि दिवाही नसेल तर मेन्स फ्यूज, वायर किंवा स्विच. दिवा आहे, हीटर आहेत, पण पूर्ण शांतता, अगदी गुणगुणही नाही, तर हाय टेन्शनचा (ट्यूबला लागणाऱ्या त्या ३०० ते ५०० व्होल्टचा) वेगळा फ्यूज आहे का पाहा. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये तो मेन्सच्या फ्यूजपासून वेगळा असतो.

हलकी गुणगुण येते पण गिटार ऐकू येत नाही, याचा अर्थ पॉवर विभाग आणि स्पीकर बहुधा ठीक, घोटाळा गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये. इथे चांगली असल्याची खात्री असलेली एक १२एएक्स७ (तिथली नेहमीची छोटी ट्यूब) जवळ ठेवलेली उपयोगी पडते. इनपुटजवळच्या ट्यूबपासून सुरू करून ती एकेका जागी लावून पाहायची. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करून. ज्या जागी आवाज परत आला ती जागा दोषी.

आवाज येतो-जातो, किंवा अचानक बारीक झाला आहे. ट्यूब गेली का?

कदाचित. पण अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (मध्ये पेडल जोडण्यासाठीचे सेंड आणि रिटर्न जॅक) असेल तर ट्यूबला हात लावण्याआधी एक साधी छोटी केबल घ्या आणि लूपचा सेंड थेट रिटर्नला जोडा. आवाज भक्कम परत आला तर दोष सापडला. रिटर्न जॅकच्या आत एक पत्रीचा स्विच असतो. काही जोडलेलं नसताना सिग्नल त्याच्यातूनच पुढे जातो. लूप वर्षानुवर्षं वापरला नाही की त्या पत्रीवर ऑक्साइड साचतं आणि सिग्नल अर्धवट जातो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, मग प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर. माझ्या मते ही सगळ्यांत जास्त वेळा चुकीची ओळखली जाणारी तक्रार आहे. हिच्यापायी चांगल्या ट्यूबचे संचच्या संच फेकले जातात.

लूप निर्दोष निघाला तर ट्यूबच्या सॉकेटकडे वळा. पिना धरणाऱ्या पकडी सैल होतात, त्यावर काजळी बसते. अ‍ॅम्प थंड आणि डिस्चार्ज केलेला असताना बारीक सुईने त्या पकडी किंचित आवळता येतात. नंतर सोल्डर. ट्यूबची सॉकेट थेट सर्किट बोर्डवर बसवलेली असतील तर तापणं-निवणं आणि हादरे यांनी टाक्याभोवती केसाएवढी गोल भेग पडते. अ‍ॅम्प गार असताना ठीक, वीस मिनिटांनी आवाज जातो, खोक्यावर थाप मारली की परत येतो, ही तिची ओळख. टाका पुन्हा वितळवून नवं सोल्डर दिलं की बरा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. जास्त अँपिअरचा टाकू का?

नाही. तांब्याची तार तर मुळीच नाही. फ्यूज स्वस्त आहे, पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही. अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेलाच आकडा आणि तोच प्रकार हवा. आकड्याआधी टी असेल तर तो स्लो-ब्लो, कारण चालू होताना क्षणभर करंट उसळतो.

फ्यूज कधी उडतो ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं. मेन्स स्विच दाबताक्षणी उडाला तर रेक्टिफायरचे (एसीचं डीसी करणारे) डायोड किंवा ट्रान्सफॉर्मर. स्टँडबायचा, म्हणजे हाय टेन्शन सोडणारा, स्विच चालू करताना उडाला तर हाय टेन्शनवर शॉर्ट: रेक्टिफायर ट्यूब, फिल्टर कपॅसिटर, किंवा आतून शॉर्ट झालेली पॉवर ट्यूब. एक-दोन मिनिटं चालून उडाला तर एखादी पॉवर ट्यूब मर्यादेबाहेर करंट ओढते आहे, म्हणजे तिच्यातच दोष किंवा बायस (ट्यूबचा करंट ठरवणारी जुळणी, खाली येते) गेलेला.

बाहेरून करण्याची चाचणी: सगळ्या पॉवर ट्यूब काढा, योग्य फ्यूज टाका, चालू करा. फ्यूज टिकला तर संशय ट्यूबवर किंवा बायसवर. तरीही उडाला तर रेक्टिफायर ट्यूब काढून पुन्हा. पॉवर ट्यूब काढलेल्या असताना हाय टेन्शन नेहमीपेक्षा वर चढतं, म्हणून ही चाचणी काही सेकंदांचीच ठेवा.

दुरुस्ती करणाऱ्याकडे आणखी एक जुनी युक्ती असते: अ‍ॅम्पच्या मेन्सला सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा बल्ब. सगळं ठीक असेल तर बल्ब चमकून मंद होतो, शॉर्ट असेल तर भगभगीत पेटून राहतो आणि करंट तोच अडवतो. एलईडी बल्बने हे काम होत नाही.

पॉवर ट्यूबची प्लेट लाल झाली आहे. हे नॉर्मल आहे का?

लगेच बंद करा, मग पुढचं वाचा.

मधल्या हीटरचा केशरी प्रकाश नेहमीचा. पण बाहेरची राखाडी धातूची प्लेट लालसर चमकू लागली तर ती ट्यूब सोसवेल त्यापेक्षा जास्त वॉट जाळते आहे. कंट्रोल ग्रिडवरचं, म्हणजे करंटला आवर घालणाऱ्या जाळीवरचं, निगेटिव्ह व्होल्टेज कमी झालं किंवा पोचेनासं झालं की असं होतं. एकच ट्यूब लाल असेल तर तिची जागा दुसरीशी अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब दोषी. त्याच सॉकेटमध्ये राहिली तर सॉकेटची पकड, ग्रिडचा रेझिस्टर, किंवा फेज इन्व्हर्टरकडून (पॉवर ट्यूबच्या आधीच्या छोट्या ट्यूबकडून) येणारा, सिग्नल पुढे नेऊन डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर, जो गळू लागला की पॉझिटिव्ह डीसी ग्रिडवर सोडतो. सगळ्याच ट्यूब लाल असतील तर बायसचा पुरवठाच गेला आहे. तिथला छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा पहिला संशयित. जुन्या अ‍ॅम्पमध्ये तो बदलायचा खर्च नगण्य असतो आणि तो गेला की ट्यूबचा अख्खा संच बरोबर नेतो.

ट्यूब शॉर्ट होऊन गेली असेल तर नवी लावण्याआधी स्क्रीन ग्रिडचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) रेझिस्टर मोजून घ्या. सहसा ४७० ओहम किंवा १ किलोओहम असतात आणि ट्यूबबरोबर तेही भाजतात. हे न बघता नवी ट्यूब लावली की आठवड्याने अ‍ॅम्प पुन्हा दारात.

ट्यूबमध्ये निळा प्रकाश दिसतो.

काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखा, वाजवताना थरथरणारा निळा प्रकाश निरुपद्रवी आहे. प्लेटच्या आत, मधल्या भागात जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर मात्र ट्यूबमध्ये वायू शिरला आहे, बदला. आणि काचेवरचा आरशासारखा चंदेरी डाग दुधी पांढरा झाला असेल तर निर्वात गेला. ती ट्यूब चालू करण्यातही अर्थ नाही.

गुणगुण फार येते. कुठला भाग बदलावा?

आधी ती कुठून येते ते शोधा. भाग बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

व्हॉल्यूम शून्यावर न्या. गुणगुण गेली तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरते आहे: गिटारचे सिंगल कॉइल पिकअप, केबल, जवळचा अ‍ॅडॉप्टर, किंवा पहिली ट्यूब. राहिली तर अ‍ॅम्प बंद करून फेज इन्व्हर्टरची ट्यूब काढा, म्हणजे पॉवर ट्यूबच्या लगतची छोटी ट्यूब, आणि पुन्हा चालू करा. आता शांत झालं तर मूळ मधल्या टप्प्यांत. अजूनही तशीच असेल तर पॉवर विभाग: फिल्टर कपॅसिटर, किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या पॉवर ट्यूब. पुश-पुल रचनेत (पॉवर ट्यूब दोन बाजूंनी आलटूनपालटून राबतात) दोन्ही बाजूंचा करंट सारखा असेल तरच पुरवठ्यातली गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते.

कान तयार असेल तर स्वरावरूनही कळतं. ५० हर्ट्झच्या मेन्सवर हीटर किंवा अर्थिंगची गुणगुण ५० हर्ट्झची, खालच्या जी च्या आसपासची, गोल आणि जाड. फिल्टर कपॅसिटर थकले की १०० हर्ट्झची, एक सप्तक वर आणि जास्त करकरीत. ६० हर्ट्झच्या देशांत हेच आकडे ६० आणि १२०. कपॅसिटर थकल्याच्या आणखी खुणा: बास पिचकट होतो, जोरात वाजवल्यावर आवाज खचतो, आणि वरच्या पट्टीत स्वर लावला की त्याच्यामागे भलताच बेसूर स्वर भुतासारखा ऐकू येतो.

अर्थची पिन काढून टाकली की गुणगुण जाते, असं कोणी सांगेल. जातेही कधी कधी. पण आत काही तुटून चॅसिसला लागलं तर अख्ख्या मेन्सचं व्होल्टेज गिटारच्या तारांवर येतं, आणि ओठ मायक्रोफोनला लागले की सर्किट पूर्ण. जुन्या दोन पिनांच्या अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये मेन्स आणि चॅसिस यांच्यामध्ये एक कपॅसिटर असायचा, त्याला मेकॅनिक लोक डेथ कॅप म्हणतात ते उगाच नाही. असा अ‍ॅम्प हाती आला तर तीन पिनांची वायर लावून घेणं आणि तो कपॅसिटर काढणं हे पहिलं काम. जुनेपणाचं मोल कमी होईल म्हणून थांबू नका.

शिट्टी, खरखर, फटफट: यातलं काय कशामुळे?

काचेवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. हाय गेनवर पहिल्या ट्यूबमधून थोडा टकटक आवाज येणारच. पण घंटेसारखा घुमत राहिला किंवा शिट्टीला सुरुवात झाली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे. फेकू नका, फेज इन्व्हर्टरच्या जागी ती वर्षानुवर्षं निमूट काम करेल, कारण तिच्यानंतर गेन फारसा उरलेला नसतो.

काही न वाजवता येणारी फटफट आणि खरखर बहुतेक वेळा प्रीअ‍ॅम्प ट्यूबच्या प्लेट रेझिस्टरची असते, ठरलेली किंमत १०० किलोओहम. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरची ही जातच. मेटल फिल्म लावला की शांत.

नॉब फिरवताना खरखर झाली तर धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, दारं-बिजागऱ्यांना मारायचं तेल नको. साफ करूनही राहिली तर त्या पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरवर) डीसी गळत असेल, म्हणजे आधीचा कपलिंग कपॅसिटर. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्या बदल्या अ‍ॅम्प कर्कश ओरडू लागला तर घाबरू नका. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) उलटा होऊन पॉझिटिव्ह झाला आहे. पॉवर ट्यूबच्या प्लेटला जाणाऱ्या दोन वायरी एकमेकांच्या जागी लावल्या की थांबतो.

ट्यूब कधी बदलाव्यात?

आवाज बिघडला की. कॅलेंडर बघून नाही. नेहमी मोठ्याने वाजवणाऱ्याच्या पॉवर ट्यूब एक-दोन वर्षांत थकतात, घरी हळू वाजवणाऱ्याच्या त्याहून कितीतरी जास्त टिकतात. अ‍ॅटेन्युएटर (स्पीकरच्या आधी ताकद कमी करणारी पेटी) लावून हळू वाजवणं यात धरू नका. तिथे ट्यूब पूर्ण ताकदीनेच राबत असते, फक्त उरलेली ताकद उष्णतेत जाते. प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूब सहज दशकभर जातात. रेक्टिफायर ट्यूब बरी असेपर्यंत राहू द्या.

पॉवर ट्यूब जोडीने बदला, जुळलेली जोडी घ्या. आजच्या नव्या ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. चांगल्या आहेत, पण काही नग पहिल्या काही तासांतच जातात. म्हणून नवा संच लावून थेट स्टेजवर जाऊ नका, आधी घरी दोन-चार दिवस वाजवा, आणि काढलेला चालू संच सुटा भाग म्हणून पिशवीत ठेवा.

बायस म्हणजे काय, आणि ट्यूब बदलली की तो लावावाच लागतो का?

काही न वाजवता ट्यूबमधून किती करंट वाहावा ते ठरवणं म्हणजे बायस. फार कमी असेल तर आवाज थंड आणि खरबरीत, फार जास्त असेल तर ट्यूब लवकर मरते.

कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये, उदाहरणार्थ व्हॉक्स एसी३०, कॅथोडला (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) लावलेला एक रेझिस्टर हे काम आपोआप सांभाळतो. त्याच जातीची जुळलेली जोडी लावा आणि वाजवा. एसी३० मधल्या चार ईएल८४ पॉवर ट्यूब मुळातच सोसवतं तितक्या तापतात, त्यामुळे तिथे हवा खेळती ठेवणं बायसपेक्षा महत्त्वाचं. फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळं ठरलेलं निगेटिव्ह व्होल्टेज देणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलली की मोजायलाच हवं. मेसा बूगीसारखे काही उत्पादक बायस कायमचा ठरवून ठेवतात आणि त्यात बसणाऱ्या ट्यूब निवडून विकतात. प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबला बायस लावायचा नसतो. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वेगळा सांगितलेला बरा.

हिशोब सोपा आहे. ईएल३४ या पॉवर ट्यूबची प्लेट २५ वॉट सोसते. फिक्स्ड बायसमध्ये वरची मर्यादा ७० टक्के धरतात, म्हणजे १७.५ वॉट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, साधारण ३९ मिलिअँपिअर प्रत्येक ट्यूबला. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. या आकड्यात स्क्रीनचा थोडा करंट मिसळलेला असतो, त्यामुळे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. ६एल६जीसी साठी ३० वॉट धरा. ७० टक्के ही मर्यादा आहे, तिथे पोचलंच पाहिजे असं नाही. मी ६० च्या आसपास थांबेन. कानाला फरक जेमतेम, ट्यूबच्या आयुष्याला भरपूर.

ईएल३४ च्या जागी ६एल६ चालते का?

सॉकेटमध्ये बसते, एवढ्यावरून चालते असं समजू नका. बायस वेगळा लागतो. उलट दिशेने, म्हणजे ६एल६ च्या अ‍ॅम्पमध्ये ईएल३४, आणखी दोन अडचणी: ईएल३४ ला हीटरसाठी १.५ अँपिअर लागतात, ६एल६ ला ०.९, तेव्हा ट्रान्सफॉर्मरची ऐपत बघावी लागते; आणि ईएल३४ ची १ नंबरची पिन ८ ला जोडलेली हवी. प्रीअ‍ॅम्पमध्ये मात्र खुशाल प्रयोग करा. १२एएक्स७ चा गेन १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०. गेन फार वाटत असेल तर पहिल्या जागी ५७५१ लावून बघा, काही मोडत नाही.

स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू केला. मेला का?

नुसता चालू होता, वाजवला नाही, तर बहुधा काही झालं नाही. वाजवला असेल तर धोका खरा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या उलट, ट्यूब अ‍ॅम्पला मोकळं आउटपुट शॉर्टपेक्षा वाईट: लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबच्या बाजूच्या वाइंडिंगवर) हजारो व्होल्टचे झटके उठतात आणि ते वाइंडिंगचं इन्सुलेशन फोडतात किंवा सॉकेटवर ठिणगी पाडतात. सॉकेटवर काळा कोळशाचा माग दिसला तर ते सॉकेट बदला. तो माग पुढे वीज वाहून नेतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे दोन अर्धे मोजताना रेझिस्टन्स थोडा वेगळा आला तर तो दोष नाही. बाहेरच्या थरातली तार जास्त लांब असते, इतकंच.

इम्पीडन्सची (स्पीकरच्या ओहमच्या आकड्याची) गल्लत एवढी भयंकर नसते. ८ ओहमच्या आउटपुटला ४ किंवा १६ चा स्पीकर एखाद्या कार्यक्रमापुरता लागला तर चांगला अ‍ॅम्प निभावून नेतो. पण स्पीकरला गिटारची केबल लावू नका. ती आतून तुटली की झाला लोड मोकळा.

चार पॉवर ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये एक गेली आणि बदली नसेल तर प्रत्येक बाजूची एक अशा दोन काढा, सहसा दोन्ही आतल्या किंवा दोन्ही बाहेरच्या, आणि इम्पीडन्सचा स्विच निम्म्यावर: ८ चा कॅबिनेट असेल तर ४ वर. कार्यक्रम पार पडतो.

स्टँडबाय स्विच किती वेळ वापरावा?

जवळजवळ नाहीच. आधी हीटर तापवले नाहीत तर कॅथोडचा लेप उडतो, ही भीती गिटार अ‍ॅम्पच्या व्होल्टेजला लागू पडत नाही. उलट तासन्‌तास स्टँडबायवर, हीटर तापलेले आणि करंट शून्य, असं ठेवलं की कॅथोड हळूहळू मंदावतो. मध्यंतरात पाच-दहा मिनिटं आवाज बंद ठेवायला तो ठीक. तासाभराची सुट्टी असेल तर अ‍ॅम्प पूर्ण बंद करा.

कित्येक वर्षं पडून असलेला अ‍ॅम्प मिळाला आहे. चालू करून बघू का?

थेट भिंतीतल्या प्लगला नको. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर न वापरता विरतो. एकदम पूर्ण व्होल्टेज आलं तर तो गळतो, तापतो, कधी फुटतो. सिरीज बल्ब किंवा व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या व्हेरिअ‍ॅकवरून काही तासांत हळूहळू व्होल्टेज चढवलं तर तो थर पुन्हा बनू शकतो. रेक्टिफायर ट्यूबचा अ‍ॅम्प असेल तर व्हेरिअ‍ॅकने फसगत होते: कमी व्होल्टेजला ती ट्यूब तापतच नाही आणि मग एकदम जागी होते. तिथे तात्पुरते डायोड लावून हे काम करतात.

आणि अ‍ॅम्प कुठल्या देशासाठी बनला आहे ते पाहा. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३० वर लावला तर फ्यूज उडणं हे नशीब. २२० च्या टॅपवर २४० आलं तर आतलं सगळं ९ टक्के वर जातं, ६.३ व्होल्टचे हीटर ६.९ वर. चालतं, पण ट्यूब लवकर म्हाताऱ्या होतात.

जुन्या अ‍ॅम्पचे सगळेच कपॅसिटर बदलून टाकावेत का?

इलेक्ट्रोलिटिक असतील आणि वीस वर्षं झाली असतील तर हो, सगळे एकदम. फुगलेला किंवा पायाशी चिकट द्रव सुटलेला असेल तर वयाची वाट बघू नका. सिग्नलच्या मार्गातले फिल्म कपॅसिटर मात्र मोजल्याशिवाय काढू नका. ते गळत नसतील तर आणखी वीस वर्षं जातील, आणि अ‍ॅम्पच्या आवाजात त्यांचाही वाटा असतो. सरसकट सगळं उपटून नवं लावणारा मेकॅनिक मेहनती दिसतो, पण मूळ दोष काय होता हे त्यालाही कळलेलं नसतं.

हाताने वायरिंग केलेला अ‍ॅम्प सर्किट बोर्डच्या अ‍ॅम्पपेक्षा जास्त टिकतो का?

दुरुस्त करायला सोपा, हे निश्चित. टिकाऊपणा रचनेवर आहे. जाड बोर्ड, चॅसिसला बांधलेली सॉकेट, गरम रेझिस्टर बोर्डपासून उचलून बसवलेले, असा बोर्डचा अ‍ॅम्प गलथान हातवायरिंगपेक्षा कितीतरी भरवशाचा. विकत घेताना विचारायचा प्रश्न एकच: ट्यूबची सॉकेट आणि पॉट चॅसिसला पक्के आहेत की पातळ बोर्डच्या टाक्यांवर लटकले आहेत?

दुरुस्तीला देताना काय सांगावं?

"आवाज बरोबर नाही" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. कधी होतं ते सांगा: गार असताना की तापल्यावर, कुठल्या चॅनेलवर, कुठला नॉब फिरवल्यावर फरक पडतो, खोक्यावर थाप मारून बदलतं का, त्याआधी ट्यूब, स्पीकर किंवा जागा बदलली होती का. फोनवर आवाज रेकॉर्ड करून न्या. येणारा-जाणारा दोष नेमका मेकॅनिकच्या टेबलावर गप्प बसतो. तुम्ही स्वतः काही बदललं असेल तर तेही सांगा, तपासाचा निम्मा वेळ वाचतो. फूटस्विच आणि नेहमीची स्पीकर केबल बरोबर द्या. काढलेले जुने भाग परत मागा. ट्यूब अ‍ॅम्पमध्येच राहू द्यायच्या असतील तर वाजवल्यानंतर तो पूर्ण थंड झाल्यावरच हलवा, आणि गारव्यातून दमट खोलीत नेल्यावर आतलं दव सुकेपर्यंत तासभर तसाच ठेवून मग चालू करा.